डावा पंखा, उजवा कळा

रत्नागिरी
५ डिसेंबर २०२४

काका, नमस्कार करते. काकूलाही सांगा.

दिवाळीत बसवलेले पंखे कसे चालताहेत ते कळवा. फोनवर विचारलं असतं, पण सडेवाडीत रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिथे तुम्ही "हॅलो" म्हणालात की अख्खी वाडी हातातलं काम टाकून ऐकते. या पत्रात पुढे जे आहे ते वाडीनं ऐकायचं नाही, म्हणून पोस्टानं पाठवतेय.

आधी पंख्यांचं. काही बिघडलं तर कोणी पक्कड घेऊन शिडीवर चढू नका, मला कळवा. गाभाऱ्यात देवाच्या दोन बाजूंना आहेत ते कॉम्प्युटरमधले साधे पंखे, आमच्या दुरुस्तीच्या दुकानात मोडीत निघालेल्या मशिनांतले. त्यांच्या वायरी देऊळ समितीच्या खोलीत मी केलेल्या सर्किटपर्यंत येतात, आणि सर्किट जोडलंय मुंबईकर मंडळींनी भेट दिलेल्या त्या कॉम्प्युटरला, ज्याच्यावर आजवर फक्त पंचे वाळत होते. गाभाऱ्यात ओल वाढली की सॉफ्टवेअर दोन्ही पंखे आपोआप फिरवतं, कमी झाली की थांबवतं. पंख्यांतले दिवेही तिथूनच लागतात. बटण दाबून हातानंही सगळं करता येतं. देवामागच्या भिंतीची बुरशी हटली का, तेवढं बघून ठेवा.

आता दुसरं. मला लग्न करायचंय. मुलाचं नाव अपूर्व. इथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. दुकानात मीटर दुरुस्तीला घेऊन आला होता, मीटर नीट झाल्यावरही येत राहिला. तो आपल्यातला नाही. हे वाक्य मी बऱ्याच तऱ्हांनी लिहून बघितलं, शेवटी असंच लिहावं लागलं. त्याच्या घरी हरकत नाही.

बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत. लग्नात बाबांच्या जागी तुम्ही उभं राहावं, एवढंच मागते. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही ऑफिसात जाऊन सह्या करू. पण तसं लग्न मला नको आहे, तुम्ही हवे आहात.

निशिगंधा


सडेवाडी, ता. राजापूर
१७ डिसेंबर २०२४

निशी, आशीर्वाद.

पंखे चालतात. भिंतीचा काळेपणा बराच उतरला. माउस आता माझ्या हातात राहतो, आधी तो टेबलाबाहेर पळायचा. समितीचे अध्यक्ष मुंबईहून आले होते. त्यांनी पंख्यांतले दिवे पाहिले आणि लाल-निळे आळीपाळीनं लागतील का असं विचारलं. मी म्हटलं, देव आहे, ऑर्केस्ट्रा नव्हे. ते रागावले असावेत, पण प्रसाद घेऊन गेले.

लग्नाचं वाचलं. तुझ्या काकूलाही वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, पोरगा मासे खातो का ते विचारा.

मी काय सांगावं ते मला सुचत नाही. देवाची पूजा आणि कौल दोन्ही आपल्या घराकडे. मी हो म्हटलं तर मानकरी विचारतील, कोणाला विचारून. नाही म्हटलं तर तू विचारशील, का. तेव्हा ज्याला विचारायचं त्यालाच विचारू. आपल्या घरातलं कुठलं लग्न त्याला विचारल्याशिवाय झालेलं नाही. माझंही नाही. पौष सरला की कळे लावतो. देवानं उजवा दिला तर मी उभा राहीन, मग कोणी काही म्हणो. डावा दिला तर हा विषय माझ्याकडे पुन्हा काढू नकोस.

त्या मुलाला कौल म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर नीट समजावून सांग. फुलाचे दोन ओले कळे देवाच्या पाषाणाला चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. यात माणसाचा हात कुठे लागत नाही, म्हणून गाव ते मानतो.

रावजी काका


रत्नागिरी
२८ डिसेंबर २०२४

काका, नमस्कार.

मला मान्य आहे. अपूर्वला कौल समजावला. दोन्ही कळ्यांचं वजन सारखं असतं का, असं त्यानं विचारलं. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. तो मासे खातो, काकूला सांगा, फक्त काटे काढत बसतो.

देव उत्तर देतो यावर माझा विश्वास आहे का, हे मला खरंच सांगता येणार नाही. तुम्ही कळे लावता तेव्हा खोटं काही होत नाही, यावर आहे. मला तेवढं पुरतं.

एक मात्र करा. त्या दिवशी पंखे बंद ठेवा. माणसं जमतील, समया पेटतील, ओल वाढली की पंखे आपणहून सुरू होतील, आणि वारा लागला की ओला कळा लवकर सुकून निखळतो. म्हणून स्क्रीनवर "आपोआप" लिहिलंय त्यापुढची खूण आधीच काढून टाका. नाहीतर उद्या कोणी म्हणायचं, पुतणीनं आपल्याला हवा तसा पंखा लावून ठेवला होता.

निशिगंधा


सडेवाडी
१० जानेवारी २०२५

निशी, आशीर्वाद.

तू लिहिलंस ते पटलं. आपोआपची खूण काढून ठेवीन. माघी गणपती झाला की येणाऱ्या सोमवारी सकाळी कळे लावायचं ठरलं आहे. मानकरी येतील.

थोडी माहिती हवी होती. दोनांतला एकच पंखा लावता येतो का? लावला तर त्यातला दिवा बंद ठेवता येतो का? आणि अगदी हळू फिरवायचा तर काय करायचं? समितीची माणसं विचारत होती. घाई नाही, पण सोमवारच्या आधी कळलं तर बरं.

यंदा काजूला मोहर चांगला आहे. आंब्याचं आत्ताच काही बोलत नाही.

रावजी काका


रत्नागिरी
१८ जानेवारी २०२५

काका, नमस्कार.

समितीला एवढ्या बारकाव्यात कधीपासून रस वाटायला लागला? लाल-निळ्या दिव्यांचा नाद सुटलेला दिसतो. तुम्ही त्यांना शिकवता आहात हे वाचून मजा वाटली. अपूर्वलाही वाचून दाखवलं. म्हणाला, तुझे काका दुकानात नोकरीला घ्यावेत असे आहेत.

तर ऐका. स्क्रीनवर "उजवा" आणि "डावा" अशी दोन बटणं आहेत. हवं ते दाबायचं, तोच पंखा फिरेल. बटणाखाली दिव्याची वेगळी खूण आहे, ती काढली की पंखा अंधारातच फिरतो. त्याखालची पट्टी डावीकडे ओढत नेली की वेग कमी होतो. अगदी टोकाला नेली तर पंखा चालू आहे हे जवळ उभ्या माणसालाही कळणार नाही.

सोमवारी मी दुकानात असेन. कामात लक्ष लागणार नाही हे आत्ताच सांगून ठेवलंय.

निशिगंधा


सडेवाडी
५ फेब्रुवारी २०२५

निशी बाय,

तुझ्या काकांनी लिहायला हवं होतं, पण ते लिहीत नाहीत, म्हणून मीच बसले. देवानं उजवा दिलान गो. मी दाराशी बायकांत उभी होते. कळा असा सुटला जसा कोणी बोटानं काढलान. मानकऱ्यांतले दोघेतिघे तोंडं वाकडी करून बघत होते, पण देवापुढे कोण बोलतो. तुझे काका बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, उजवा झालाय, लग्न होणार, मी उभा राहणार.

मला इतका आनंद झाला की घरी येऊन खापरोळ्या केल्या. ते जेवले नाहीत. म्हणाले, पोटात बरं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. समितीच्या खोलीला कुलूप घातलंय त्यांनी आणि चावी कमरेला ठेवतात. विचारलं तर म्हणतात, पंखे थंडीत नकोत. तू बाहेर चाललीस म्हणून जीव तुटत असेल, दुसरं काय. पुरुषमाणसाला रडता येत नाही, मग असं काहीतरी करतात.

तारीख ठरवा. आणि त्या पोराला म्हणावं, काटे काढायला मी शिकवीन.

काकू


रत्नागिरी
१६ फेब्रुवारी २०२५

काका, नमस्कार.

काकूचं पत्र मी दुकानातच फोडलं आणि सगळ्यांसमोर रडले. वैशाखातली तारीख बघतोय. इथल्याच एका छोट्या सभागृहात करू, सडेवाडीहून गाडी करू. तुम्हाला आणि काकूला आदल्या दिवशी आणायला अपूर्व स्वतः येईल.

पण काकूच्या पत्राखाली तुमची सहीसुद्धा नव्हती. उजवा झाल्यावर तुम्ही खूश व्हाल असं मी धरून चालले होते. मी जातेय म्हणून वाईट वाटत असेल तर रत्नागिरी काही परदेशात नाही. दुसरं काही असेल तर तेही लिहा. माझ्यावर रागावला असाल तर रागावल्याचं लिहा, मी वाचीन. तुम्ही गप्प आहात हे मला सोसत नाही.

निशिगंधा


सडेवाडी
११ मार्च २०२५

निशी, आशीर्वाद.

शिमग्याची पालखी दोन दिवसांवर आली आहे. त्याआधी हे लिहून टाकतो. पालखीला खांदा द्यायचा तर मनात हे ठेवून देववणार नाही.

समितीनं मला काहीएक विचारलं नव्हतं. ते प्रश्न माझेच होते. पंखे बंद ठेवा असं तू लिहिलंस, तेव्हाच ते माझ्या मनात आलं. त्याआधी आलं नव्हतं. तू जातीबाहेर गेलीस तर पाषाणाला हात लावायचा अधिकार आपल्या घराकडे ठेवायचा का, हे मानकरी विचारणार. त्यांनी मला तसं सुनावलंही होतं. मला नकार हवा होता. पण तुला नाही म्हणायचं माझ्या तोंडातून निघेना, म्हणून ते देवाच्या तोंडी घालायचं ठरवलं. सोमवारी सकाळी कोणी यायच्या आत समितीच्या खोलीत गेलो. दिव्याची खूण काढली, "डावा" दाबला, पट्टी टोकाला नेली. मग गाभाऱ्यात येऊन कळे लावले. गाऱ्हाणं मीच घातलं, माझ्याच आवाजात. मला माझीच शरम वाटली, तरी घातलं.

डावा पडायला हवा होता. डावा जागचा हलला नाही. उजवा पडला.

तेव्हापासून मी पूजा करतो ती मान खाली घालून. त्यानं माझी लबाडी माझ्या डोळ्यांसमोर उलटी केली, असं मी समजतो. ज्या लग्नासाठी देव एवढं करतो, त्या लग्नाला मी कोण आडवा येणार? म्हणून बाहेर येऊन बोललो ते मनापासून बोललो.

तरी एक शंका राहते. स्क्रीनवर "डावा" लिहिलंय तो पंखा डावीकडेच आहे ना? दोन्ही पंखे नेहमी बरोबरच फिरतात, त्यामुळे एकेकट्याचा प्रश्न कधी आला नाही. जाऊन बटण दाबलं तर कळेल. पण ते बटण पुन्हा दाबायचा मला धीर होत नाही. खोलीला कुलूप आहे ते त्यासाठीच. नावं तू दिलीस, तेव्हा तूच सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. जे असेल ते सांग.

रावजी काका


रत्नागिरी
२६ मार्च २०२५

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मी अपूर्वला दाखवलं. तो म्हणाला, एकच ओळ लिही, डावा तो डावाच, आणि पाकीट बंद कर. सगळे सुखात राहतील. मी तशी ओळ लिहिलीही होती. तो कागद फाडून हा दुसरा घेतला, कारण तुम्ही पाषाणासमोर मान खाली घालून उभे राहाल आणि त्याचं खरं कारण फक्त मला माहीत असेल, हे मला जमणार नाही.

तुम्ही "डावा" दाबून जो पंखा लावलात तो देवाच्या उजवीकडचा आहे.

असं झालं. दिवाळीत तुम्ही आत शिडीवर चढून पंखे ठोकत होता. मी उंबऱ्याबाहेर होते, आम्हा बायकांना आत यायचं नसतं म्हणून. वायरींना नावं द्यायची वेळ आली तेव्हा मी बाहेरूनच बघितलं. माझ्या उजव्या हाताला दिसला तो उजवा, डाव्या हाताला तो डावा. देव माझ्याकडे तोंड करून आहे, माझी डावी बाजू ती त्याची उजवी, हे डोक्यात आलंच नाही. कौलात उजवं-डावं देवाचं धरतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी वायरी हातात असताना मी देवळात आहे हेच विसरले, दुकानातलं एखादं काम केल्यासारखं केलं. वारा उजव्या कळ्याला लागला, तो आधी सुकला, पडला. यात देवानं काही उलटं केलेलं नाही. तुम्ही मुद्दाम केलंत आणि मी चुकून केलं, ते एकमेकांवर पडलं.

आता माझ्याबद्दल. मला राग आला आहे. नाही म्हणायचं होतं तर मला म्हणायचं, मी ऐकून घेतलं असतं, भांडले असते, पुन्हा विचारलं असतं. मला नकार द्यायला तुम्ही माझ्याच हातचं सर्किट वापरलंत. ते मी तुम्हाला पावसाळ्यात ओल्या गाभाऱ्यात खोकत उभं राहावं लागतं म्हणून केलं होतं.

लग्न मी करणार आहे. वैशाखातली तारीखही धरली आहे. तुम्ही उभे राहणार की नाही, एवढंच त्या कौलावर होतं, आणि तो कौल तर झालाच नाही असं धरावं लागेल. तुम्ही गावात बोललात त्या शब्दाला मी तुम्हाला बांधून ठेवत नाही. पुन्हा कळे लावायचे तर लावा. मी फक्त एवढंच सांगते की उभे राहिलात तर मला फार बरं वाटेल, अजूनही.

निशिगंधा


सडेवाडी
२२ एप्रिल २०२५

निशी, आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पत्र आलं तेव्हा वाचलं आणि ठेवून दिलं. माझ्यासाठी देवानं खास काही केलं नाही हे कळल्यावर आधी वाईट वाटलं. मग हलकंही वाटलं. काकूला सगळं सांगितलं. त्याच रात्री ती भात वाढताना म्हणाली, "पोरीला तोंडावर नाय म्हणायची छाती नव्हती, आन देवाला फसवायची बरी होती तुमची."

मानकऱ्यांना बोलावून काय झालं ते सांगितलं. पंखा, बटण, माझा हेतू, सगळं. तुझी चूकही सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय उजवा का पडला ते कळत नव्हतं. पुष्कळ बोलले मला. बोलणं बरोबरच होतं. यापुढे कौल मी लावायचा नाही असं ठरलं, तो पलीकडच्या घराकडे गेला. पूजा सध्या माझ्याकडे ठेवली आहे. पावसाळ्यानंतर बघू म्हणाले. इतकी वर्षं लोक आपली दुखणी, भांडणं, सोयरिकी घेऊन माझ्यासमोर बसले. आता ते दुसऱ्यासमोर बसतील. याचं मला दुःख आहे, ते लपवत नाही.

नव्या माणसानं मला विचारलं, तुमच्या पुतणीचा कौल पुन्हा लावू का. मी नको म्हटलं. मला जे विचारलं होतं ते मी देवावर ढकललं, त्यातून हे सगळं झालं. तू पहिल्या पत्रात मागितलंस ते माझ्याकडे मागितलं होतंस. तर त्याचं उत्तर आज देतो. मी लग्नाला येणार. तुझ्या बापाच्या जागी मीच उभा राहणार. मुलगा आपल्यातला नाही हे मला अजून खटकतं आणि कदाचित पुढेही खटकेल, पण ते माझं मी बघीन. त्याला आणायला येऊ दे, वाटेत त्याच्याशी बोलेन.

पंखे काढलेले नाहीत. खोलीचं कुलूप काढलं आणि आपोआपची खूण पुन्हा घातली. पावसाच्या आधी दोन्ही बटणांची नावं बदलायला हवीत, म्हणजे माझ्यासारखा दुसरा कोणी फसायला नको. लग्नानंतर दोघं दर्शनाला याल तेव्हा ते कर. मात्र या वेळी बाहेर राहून करू नकोस. आत ये. पाषाणाच्या शेजारी उभी राहा, तो जिकडे तोंड करून आहे तिकडे तोंड कर, आणि मग नावं दे.

तुला आत आणण्याबद्दल मी मानकऱ्यांना विचारलेलं नाही. कौलही लावून घेतलेला नाही. मी सांगतो आहे म्हणून ये.

रावजी काका